मनाची औषधे मेंदूत नेमके काय करतात?



या सदरात आपण पंचशील, प्रतीत्यसमुत्पाद, ब्रह्मविहार असे विषय अभ्यासत आलो आहोत. यावेळचा विषय मनोविकारांवरच्या औषधांचा आहे. तो धम्माच्या पत्रिकेत कशासाठी, हे आधी सांगतो. रविवारची वंदना झाल्यावर चहा घेताना, किंवा रात्री उशिरा आलेल्या एखाद्या संदेशात, काही प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात. "दहा दिवसांच्या शिबिराला जायचंय, तेवढ्यापुरत्या गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?" "या गोळ्यांनी पाचवं शील मोडतं का?" किंवा गावाहून आईचा फोन आलेला असतो, "एवढा शिकलास, परदेशात गेलास, तुला रे कशाला लागतात असल्या गोळ्या?" हे प्रश्न विचारणारी माणसे सुशिक्षित असतात. रक्तदाबाची गोळी काय करते हे ती सांगू शकतात. मनाची गोळी मेंदूत जाऊन काय करते, हे मात्र त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. आणि त्या अज्ञानातच एखाद्या दिवशी गोळ्या परस्पर बंद होतात.

मी डॉक्टर नाही. शिक्षण अभियांत्रिकीचे, काम संगणकाचे. तेव्हा हा लेख वाचून कोणी गोळी सुरू करू नये, बंद करू नये, मात्राही बदलू नये. यंत्रणा कशी चालते ते समजले की डॉक्टरांशी नीट बोलता येते, तेवढाच या लेखाचा उपयोग.

एक फट आणि चार जागा

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. एका पेशीतला विद्युत संदेश तिच्या टोकापर्यंत येतो आणि तिथे थांबतो, कारण पुढची पेशी तिला चिकटलेली नसते. मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. आपल्या डोक्यावरचा केस त्या फटीपेक्षा काही हजार पट जाड असतो. ही फट ओलांडण्याचे काम रसायने करतात. पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांमध्ये रसायन भरून ठेवलेले असते. संदेश आला की त्या पिशव्या उघडतात, रसायन फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीवर त्या रसायनासाठीच घडलेल्या खाचेत, म्हणजे रिसेप्टरमध्ये, जाऊन बसते. संदेश पुढे जातो. मग फट मोकळी व्हावी लागते, नाहीतर पुढचा संदेश वेगळा ओळखू येणार नाही. म्हणून पहिल्या पेशीवरचे पंप उरलेले रसायन परत आत ओढून घेतात आणि काही रसायन एन्झाइम मोडून टाकतात.

पिशवी, खाच, पंप आणि एन्झाइम. मनोविकारांवरची बहुतेक औषधे या चारपैकी कुठल्यातरी जागी काम करतात. डोपामीन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन, गाबा ही त्या रसायनांची नावे. "मेंदूत रसायन कमी पडलं, गोळीनं ते भरून काढलं" असे आपण नेहमी ऐकतो, पण ते फार ढोबळ आहे. गोळीत सेरोटोनिन नसते आणि डोपामीनही नसते. रसायन मेंदूचे स्वतःचेच. त्याच्या ये-जा करण्यात गोळी फरक पाडते.

पहिला धडा आपल्याकडच्या मुळीचा

सर्पगंधा भारतात शेकडो वर्षे वापरात आहे. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोन्हींवरचा तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. त्यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी या मुळीतले रेसर्पिन वेगळे काढले होते. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना दिले आणि १९५४ साली निष्कर्ष मांडले. पॅरिसमध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झालाच होता. मनोरुग्णाला कोंडून ठेवण्यापलीकडे काही करता येते, हे त्या चार-पाच वर्षांत स्पष्ट झाले.

रेसर्पिन आपल्या यादीतल्या पहिल्या जागी, पिशवीपाशी, काम करते. रसायन पिशवीत भरणारी यंत्रणा ते बंद पाडते. बाहेर राहिलेले रसायन एन्झाइम मोडून टाकतात आणि साठा संपतो. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामीन बनवते तो कच्चा माल, टोचला. थोड्या वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामीन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे समजण्याची वाट या प्रयोगातून निघाली. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही दिले जाणारे औषध त्यातूनच आले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या दवाखान्यातून स्वीडनच्या सशांपर्यंत गेलेला हा धागा आपल्या शाळांत कुणी शिकवत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

रेसर्पिन डोपामीन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या तिन्हींच्या पिशव्या सरसकट रिकाम्या करते, म्हणून मनोविकारांवर ते आता जवळजवळ दिले जात नाही. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी तेव्हाच झाल्या होत्या. पण सर्पगंधायुक्त गोळ्या भारतात अजून मिळतात आणि "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून सामानातून इथेही येतात. मनोविकाराचे औषध चालू असलेल्याने अशा गोळ्या परस्पर घेऊ नयेत. आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना नाव सांगा. झाडपाल्याचे औषध मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, याला ते ससे साक्षी आहेत.

डोपामीन आणि नको तिथे उमटणारी खूण

स्किझोफ्रेनियावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलॅन्झापीन यांसारखी औषधे दुसऱ्या जागी काम करतात. डोपामीनच्या डी-२ नावाच्या खाचेत ती जाऊन बसतात आणि संदेश पुढे न पाठवता जागा अडवून ठेवतात. डोपामीनला वर्तमानपत्रे ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, ते अर्धवट आहे. ‘हे महत्त्वाचे आहे, इकडे लक्ष दे’ अशी खूण करणे हे त्याचे एक मोठे काम. भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली मांडलेली कल्पना मला सर्वांत पटते: सायकोसिसमध्ये ही खूण अवेळी आणि नको तिथे उमटते.

समजा, तुम्ही तुमच्या एचडीबी ब्लॉकच्या लिफ्टमध्ये आहात आणि शेजारी खोकला. रोजचीच गोष्ट. पण मेंदूने त्या खोकल्यावर ठळक खूण केली. दुसऱ्या दिवशी एमआरटीत कोणीतरी फोनमधून मान वर करून पाहिले, त्यावरही केली. ऑफिसात दोघे हसले, त्यावरही. आता या सगळ्याचा काहीतरी अर्थ लावल्याशिवाय त्या माणसाला राहवणार नाही. "माझ्यावर पाळत ठेवली जातेय" हा त्याने लावलेला अर्थ असतो, आणि त्याच्यापुढे जे आले त्यावरून तो तर्काला धरूनच लावलेला असतो. "उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस" असे सांगून म्हणूनच उपयोग होत नाही.

औषधाने ती खूण फिकी होते. आधी बसलेला समज मात्र त्याने लगेच पुसला जात नाही. म्हणून औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत माणूस शांत होतो, पण समज सुटायला आठवडे, कधी महिने लागतात. मधल्या काळात तो म्हणतो, "अजून तसं वाटतं, पण आता त्याचं एवढं काही वाटत नाही." घरच्यांना यात ‘अजून तसं वाटतं’ एवढेच ऐकू येते आणि ते निराश होतात. खरे तर औषध लागू पडत असल्याची ही खूण आहे.

मेंदूच्या स्कॅनवरून असे दिसले आहे की डी-२ खाचांपैकी साधारण ६५ टक्के अडल्या की गुण येऊ लागतो आणि ८० टक्क्यांच्या पुढे गेले की हात थरथरणे, अंग ताठरणे असे त्रास वाढतात. मधली पट्टी अरुंद आहे. डॉक्टर मात्रा जपून का वाढवतात, आणि "एक गोळी चुकली म्हणून आज दोन घेतल्या" हे का करू नये, ते यावरून लक्षात येईल.

या औषधांचे दोन दुष्परिणाम ध्यान करणाऱ्यांनी मुद्दाम ओळखायला हवेत. पहिला अकॅथिसिया. माणसाला बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, आतून तळमळ होते. ध्यानाला बसलेल्या व्यक्तीला असे झाले की आपण त्याला पाच नीवरणांतले उद्धच्च समजतो आणि "अजून नेटानं बस" म्हणतो. त्या बिचाऱ्याचा छळ होतो. हा औषधाचा परिणाम आहे आणि मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा दुसरे औषध जोडून त्यावर उपाय होतो. दुसरा उलटा: कशाचेच काही न वाटणे, आनंद नाही, दुःखही नाही. याला कोणी उपेक्षा समजू नये. उपेक्षेत जागरूकता असते, इथे भावना बोथट झालेल्या असतात. हेही डॉक्टरांना सांगायचे असते.

गोळ्या बंद केल्यावर काय होते, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून केलेला अभ्यास आला. स्किझोफ्रेनियातून सावरलेल्यांपैकी औषध चालू ठेवणाऱ्या गटात वर्षभरात सुमारे २७ टक्के लोकांचा आजार उलटला. ज्यांना औषधाऐवजी बनावट गोळी दिली, त्यांच्यात ६४ टक्के. म्हणजे औषध घेऊनही काहींचा आजार उलटतो आणि न घेताही काही जण ठीक राहतात. पण आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, आणि हा डाव एकट्याने, कुणाला न सांगता खेळणे महाग पडते.

सेरोटोनिन आणि सहा आठवड्यांचे कोडे

नैराश्य आणि चिंतेवर दिली जाणारी फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्राम ही औषधे तिसऱ्या जागी, पंपावर, काम करतात. सेरोटोनिन परत ओढणारे पंप ती अडवतात, त्यामुळे फटीत सेरोटोनिन अधिक वेळ राहते. नेहमीच्या मात्रेला साधारण ८० टक्के पंप अडतात, आणि तेही पहिल्या काही तासांत सुरू होते. मग बरे वाटायला दोन ते सहा आठवडे का लागतात?

अभियंत्याला हा भाग ओळखीचा वाटेल. पहिली पेशी आपण किती सेरोटोनिन सोडले ते स्वतःच मोजत असते, त्यासाठी तिच्यावर वेगळ्या खाचा असतात. फटीत जास्त झालेय असे दिसताच ती सोडणे कमी करते. म्हणजे सुरुवातीला औषध वाढवते आणि पेशी कमी करते. काही आठवड्यांनी मोजणाऱ्या खाचा मंदावतात आणि औषधाचा परिणाम पुरता जाणवू लागतो. त्याच काळात पेशींमधल्या जोडण्यांतही बदल होतात. एवढ्यानेही सगळे कोडे सुटत नाही, पण पहिल्या आठवड्यात "काहीच फरक नाही, उलट मळमळतंय" असे का होते ते कळते. दुष्परिणाम आधी येतात, गुण मागून येतो. नेमके याच टप्प्यावर अनेक जण गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत या सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी तेव्हा जवळ राहावे. तसे काही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

२०२२ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे येते याला भक्कम पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. तो फिरला, आणि "गोळ्या म्हणजे थोतांड" असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पाठीला टायगर बाम लावून बरे वाटले, म्हणून पाठ बाम कमी पडल्याने दुखत होती असे कोणी म्हणत नाही. दुखणे कशाने झाले आणि औषध कशाने लागू पडले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लागू पडते का, याचे उत्तर २०१८ च्या ‘लॅन्सेट’मधील अभ्यासात आहे: ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण, २१ औषधे, आणि एकवीसच्या एकवीस बनावट गोळीपेक्षा सरस. सरासरी फरक मात्र माफक होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. काहींना खूप फायदा होतो, काहींना दुसरे औषध शोधावे लागते, आणि समुपदेशनाची जोड बहुतेकांना उपयोगी पडते.

कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट इथे उघड लिहितो. या औषधांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होऊ शकते. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि गोळी गुपचूप कचऱ्यात जाते. सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते.

आता बंद करण्याचे गणित. सिटॅलोप्रामच्या २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के पंप अडतात. मात्रा निम्मी, म्हणजे १० मिलिग्रॅम केली तर अडलेले पंप निम्मे होत नाहीत, सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतात. ५ मिलिग्रॅमलाही साठ टक्क्यांच्या जवळ असतात. आणि तिथून शून्यावर उडी मारली की साठ टक्के एकदम सुटतात. आलेख आधी सपाट आणि शेवटी कडा असा आहे. "अर्धी केली तेव्हा काही झालं नाही, म्हणून बंदच केली, तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, रडू, झोप नाही" हा अनुभव या कड्यावरून पडण्याचा आहे. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनला तो जास्त येतो. फ्लुओक्सेटीन शरीरातून सावकाश जाते, म्हणून कमी येतो. या त्रासाला लोक व्यसन समजतात. व्यसनात मात्रा वाढवत नेण्याची ओढ असते, ती इथे नसते. मेंदूने औषधाशी जुळवून घेतलेले असते, त्याला परत जुळवायला वेळ द्यायचा. औषध बंद करता येते, पण डॉक्टरांसोबत आखून, आणि शेवटची पावले सर्वांत लहान ठेवून.

इतर औषधे, थोडक्यात

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. अर्ध्या-एक तासात गुण येतो. यांची मात्र सवय लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच. बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम थांबवू नयेत, झटके येऊ शकतात. भारतातून अशा गोळ्या सामानात टाकून आणण्याआधी सिंगापूरच्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाचे नियम पाहा. मनावर परिणाम करणाऱ्या अनेक औषधांना आधी परवानगी लागते.

बायपोलरवरचे लिथियम हे तर मूलद्रव्यच. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उपयोग दाखवला. ते फटीत नव्हे, पेशीच्या आत काम करते. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर ते विषारी ठरू लागते. इथल्या उकाड्यात घाम जाऊन पाणी कमी पडले, जुलाब झाले किंवा अंगदुखीसाठी परस्पर आयबुप्रोफेन घेतले, तरी ते प्रमाण चढते. रक्ततपासणी चुकवू नये ती यासाठी.

कार्बामॅझेपीनच्या बाबतीत आपण सिंगापूरमध्ये आहोत हे आपले नशीब. एचएलए-बी १५०२ हे जनुक असलेल्यांना या औषधाने त्वचा सोलून निघण्याचा जीवघेणा विकार होऊ शकतो. २०१३ पासून इथे आशियाई वंशाच्या रुग्णाला हे औषध नव्याने सुरू करण्याआधी जनुक तपासण्याची शिफारस आहे. भारतीयांत हे जनुक चिनी आणि मलय लोकांपेक्षा कमी आढळते, पण आढळते.

धम्माच्या बाजूने

पाचव्या शीलाचा प्रश्न आधी घेऊ. त्या शीलात मद्याला नकार आहे तो पमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे. मग कसोटी सरळ आहे: हे घेतल्याने माणसाची सावधता जाते की परत येते? ज्याला खोकल्यात कट दिसत होता, तो औषधाने मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देऊ लागला, तर शील पाळायला लागणारी सति त्याला औषधानेच परत मिळाली. मजेसाठी झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला मात्र हीच कसोटी दोषी ठरवील. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर भेसज्जक्खंधक हे स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूने औषध घेऊ नये असे तथागतांनी कुठेही म्हटलेले नाही.

दुसरा प्रश्न पूर्वजन्मीच्या कर्माचा. आपल्यातही अजून "काहीतरी मागचं भोगतोय" असे बोलले जाते. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो, माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच का? भगवंत त्याला वेदनांची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतूंचा बदल, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी आठवे कारण कर्म. सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष दिसणारे सोडून बोलतात, असा त्यांचा रोख आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते हा विचार स्पष्टपणे नाकारला आहे. ज्या विचाराने पिढ्यानपिढ्या आपल्याला "तुमचं नशीबच तसं" म्हणून हिणवले गेले, तोच आपण घरातल्या आजारी माणसावर कसा लादतो?

आणि गग्ग भिक्खू. विनयात ही गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती फार कमी सांगितली जाते. गग्गाला वेडाचे झटके येत. त्याला उपोसथ कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. भगवंतांनी संघाला एक ठराव करायला सांगितला: गग्गाला आठवो न आठवो, तो येवो न येवो, संघाने उपोसथ करावा, त्यात कोणाचा दोष नाही. बरा झाल्यावर काही भिक्खू आजारातल्या वागण्यावरून त्याला टोचू लागले. तेव्हा त्या अवस्थेतल्या वागण्याचा दोष त्याच्यावर न ठेवणारी अमूळ्हविनय ही तरतूद संघाने त्याला लागू केली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने आजारी सदस्याची जागा राखून ठेवली होती. आपल्या मंडळात अशा कुटुंबाला कार्यक्रमाचे निमंत्रण द्यायचे विसरले जाते, तेव्हा गग्ग आठवावा.

शिबिर आणि उपोसथ

इगतपुरीच्या धम्मगिरीसह गोएंका गुरुजींच्या परंपरेतील केंद्रांवर अर्ज भरताना मानसिक आजार आणि औषधे यांची माहिती विचारतात. विपश्यना हा मनोविकाराच्या उपचाराला पर्याय नाही, असे केंद्रे स्वतःच सांगतात. ही माहिती लपवू नका, आणि ‘औषध चालू नाही’ असे लिहिता यावे म्हणून गोळ्या तर मुळीच बंद करू नका. पहाटे चारला उठणे, दिवसाचे दहा तास ध्यान, मौन, फोन नाही. नेमक्या याच दिवसांत औषध उतरू लागले तर बदल ओळखणारे घरचे माणूस जवळ नसते. बायपोलर असलेल्याला झोप कमी झाली तरी उन्माद उसळू शकतो. आधी डॉक्टरांना विचारा, केंद्राला खरे सांगा. नकार आला तर घरी रोज वीस मिनिटांची आनापान आणि मैत्रीभावना आहेच, तीही डॉक्टरांच्या कानावर घालून.

अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. लुरासिडोन हे औषध किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घेतले तरच अंगात पुरेसे शोषले जाते. रात्रीच्या जेवणासोबत ते घेणाऱ्याने उपोसथाच्या दिवशी काय करायचे, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. लिथियम घेणाऱ्याने त्या दिवशी पाणी कमी करू नये.

उपचारांच्या खर्चाविषयी: नागरिक आणि पीआर असलेल्यांना स्किझोफ्रेनिया, नैराश्य, बायपोलर आणि चिंताविकारासाठी मेडिसेव्ह वापरता येते, आणि सौम्य त्रासासाठी पॉलिक्लिनिकपासून सुरुवात करता येते. एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्यांनी कंपनीच्या विम्यात मनोविकार धरले आहेत का, ते आजच पाहून ठेवावे, गरज पडेल त्या दिवशी नाही. बोलायला कोणी हवे असेल तर राष्ट्रीय माइंडलाइन १७७१ चोवीस तास चालू असते. जीव नकोसा झाला असेल तर समॅरिटन्स ऑफ सिंगापूरचा १७६७. तातडीच्या वेळी बुआंगकोकच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थचा आपत्कालीन विभाग रात्रंदिवस उघडा असतो. गावाकडच्या नातेवाइकांसाठी भारत सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. आईचा तो फोन पुन्हा आला, तर हा क्रमांक तिलाही द्या.